भुईमुगाची पेंड, यकृत आणि जनुकावरची खूण

पाचोऱ्याच्या बाजारात भुईमुगाच्या नव्या शेंगा येऊ लागल्या की आपल्याकडे घरोघरी शेंगा फोडण्याचे काम निघते. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा बाजूला टाकायचा, हे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. तोंडात गेला तर तो थुंकून टाकतो. या टाकून दिलेल्या दाण्याने एकेकाळी यकृताच्या कर्करोगाचे संशोधन सुमारे पंधरा-वीस वर्षे चुकीच्या वाटेवर ठेवले होते. ती वाट सुधारण्याच्या खटपटीतून जी हकिगत पुढे आली, तिचा शेवट आज रक्ताच्या एका नव्या चाचणीपाशी येऊन ठेपला आहे. ही चाचणी जनुकांवरच्या एका रासायनिक खुणेची आहे. त्या खुणेला मेथिलीकरण म्हणतात.

यकृताचा कर्करोग झालेला रुग्ण खानदेशातून रेल्वेने मुंबईला, परळला जातो, तेव्हा त्याच्या घरच्यांचे दोन प्रश्न असतात. पहिला प्रश्न, हे झाले कशामुळे? दुसरा, आता पुढे काय? आयुर्वेदात या दुसऱ्या प्रश्नाला साध्यासाध्य विचार असे नाव आहे. आधुनिक वैद्यकात त्याला प्रॉग्नोसिस म्हणतात. आपण मराठीत त्याला रोगाचे भाकीत म्हणू. निदान आणि भाकीत या गोष्टी निराळ्या आहेत. रोग कोणता हे निदान सांगते, आणि त्याची पुढची चाल कशी असेल हे भाकीत. एखाद्या खुणेवरून असे भाकीत करता आले तर तिला भाकितदर्शक खूण म्हणता येईल. गंमत अशी, की जनुकांवरचे मेथिलीकरण यकृताच्या कर्करोगाच्या संदर्भात पहिल्यांदा पुढे आले ते 'कशामुळे' या प्रश्नाचे उत्तर शोधताना. 'पुढे काय' हा प्रश्न त्याला नंतर विचारला गेला.

कुत्र्यांच्या यकृतातली चरबी

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढची गोष्ट सहसा नसते. स्वादुपिंड काढून टाकलेली कुत्री आता इन्सुलिनवर जगवता येऊ लागली. परंतु काही काळाने त्यांच्या यकृतात चरबी साठू लागली. त्यांना कच्चे स्वादुपिंड खाऊ घातले तर ही चरबी कमी होई. स्वादुपिंडात असे काय होते? शोध घेता घेता लेसिथिन हा पदार्थ हाती लागला, आणि १९३२ मध्ये बेस्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लेसिथिनमधले कोलीन हे खरे काम करते.

कोलीनच्या रेणूत नायट्रोजनच्या अणूला तीन मेथिल गट जोडलेले असतात. मेथिल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांची छोटीशी जुडी. मेथिओनीन या अमिनो आम्लातही असा एक गट असतो. शरीरात हे गट एका रेणूकडून दुसऱ्याकडे सतत हस्तांतरित होत असतात. मेथिओनीनपासून एस-अॅडेनोसिलमेथिओनीन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तोच बहुतेक ठिकाणी मेथिल गट पोचवतो. आपण त्याला 'सॅम' या आद्याक्षरी नावाने ओळखू. गट देऊन टाकल्यावर त्याचा जो उरलेला भाग राहतो त्याला 'साह' म्हणतात. वर्गात सांगताना एवढे पुरे की सॅम हा भरलेला टेम्पो आणि साह हा रिकामा टेम्पो. कोलीन, मेथिओनीन, फोलिक आम्ल आणि ब१२ जीवनसत्त्व ही या मालाची आवक टिकवून धरतात.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात कोपलंड आणि सॅल्मन यांनी उंदरांना दीर्घकाळ कोलीन कमी असलेला आहार दिला. यकृतात चरबी तर साठलीच, पण पुढे अनेक उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. बाहेरून कोणतेही कर्करोगकारक रसायन दिले नसताना, केवळ आहारातली एक उणीव कर्करोग घडवू शकते, हा निष्कर्ष त्या काळी फार मोठा होता. तो काही वर्षे मानला गेला.

टर्की पक्ष्यांनी लावलेला दुवा

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. एक लाखाच्या वर पक्षी दगावले. कारण कळेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. विषाणू सापडला नाही, जिवाणूही सापडला नाही. शेवटी माग लागला तो खाद्याचा. मेलेल्या पिल्लांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. पेंडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने सोडलेले विष निघाले. बुरशीच्या नावातली अक्षरे जोडून त्याला 'अफ्लाटॉक्सिन' म्हटले गेले. १९६१ मध्येच तशी पेंड उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्याचे दिसले.

आता अलाबामाकडे परत जाऊ. कोपलंड आणि सॅल्मन यांच्या आहारात प्रथिनांसाठी काय घातले होते? भुईमुगाची पेंड! कोलीन कमी असलेला आहार बनवायचा तर प्रथिनांचा स्रोतही कोलीन-मेथिओनीनमध्ये गरीब हवा, आणि भुईमुगाची पेंड त्यासाठी सोयीची होती. तिच्याबरोबर बुरशीचे विषही उंदरांच्या पोटात गेले असणार, ही शंका कोणी परक्याने काढली असती तर त्यात विशेष नव्हते. पण १९६३ मध्ये न्यूबर्न यांच्याबरोबर निबंध लिहून, मुख्य प्रथिने पेंडीतून देणाऱ्या आहारावर उंदरांच्या यकृतात गाठी होतात, हे प्रसिद्ध करणारा शास्त्रज्ञ स्वतः सॅल्मनच होता. सतरा वर्षांपूर्वीच्या आपल्याच कामाचा पाया त्याने असा हलवला. कोलीनची उणीव की अफ्लाटॉक्सिन, हा प्रश्न उघडा पडला आणि कोलीनचे पारडे हलके झाले. इथे एका कारणामागे दुसरे कारण लपले होते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे भाकिताच्या प्रकरणात ती पुन्हा निराळ्या वेषात येणार आहे.

अफ्लाटॉक्सिन ही परदेशातली गोष्ट नव्हे. १९७४ मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल या लागून असलेल्या जिल्ह्यांत कावीळ आणि जलोदराची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी व सहकाऱ्यांनी तिचा तपास केला. सुमारे चारशे लोक आजारी पडले आणि त्यांतले शंभराहून अधिक दगावले. गावातल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता, कारण तीही घरातले उरलेले अन्नच खात होती. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका हे कारण निघाले. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशीही मका हे अन्नधान्य आहे, आणि काढणीच्या वेळचा पाऊस हा खानदेशातल्या शेतकऱ्याला नवा नाही. शेंगा आणि कणसे नीट वाळवणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. गाळीव तेलाच्या शुद्धीकरणात हे विष बहुतांशी निघून जाते. ते मागे राहते पेंडीत.

मुंबईचे नाव

पेंड वगळून, शुद्ध अमिनो आम्ले मोजून बनवलेल्या आहारावर कोलीनचा प्रयोग पुन्हा करायचा, एवढाच मार्ग आता उरला होता. तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी पूर्ण झाला. अमेरिकेत लायनेल पॉयरिए यांच्या गटाने मेथिओनीनऐवजी होमोसिस्टीन घातलेला, कोलीन नसलेला आहार उंदरांना दिला. त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये आले. टोरांटोत घोषाल आणि फार्बर यांनी १९८४ मध्ये तसेच दाखवले. अफ्लाटॉक्सिनचा मागमूस नसताना केवळ मेथिल गटांच्या उणिवेने उंदरांच्या यकृतात कर्करोग झाला होता. म्हणजे १९४६चा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याचा पुरावा बरोबर नव्हता! विज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत आणि जे आहेत ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहेत.

पॉयरिए यांच्या गटातल्या निबंधांवर नारायण शिवापूरकर हे नाव दिसते. त्याआधी हे नाव आपल्याला मुंबईत भेटते. १९७९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात भिडे, शिवापूरकर, गोठोसकर आणि रणदिवे यांचा निबंध आला होता. सुपारीच्या अर्काने उंदरांत गाठी होतात का, हा त्याचा विषय होता. त्यातल्या रणदिवे म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधनाला सुरुवात केली. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदीर, आहार आणि गाठ यांचा हिशोब काटेकोरपणे ठेवण्याची शिस्त या प्रयोगशाळांत होती. सुपारीपासून कोलीनपर्यंत विषय बदलला, पण प्रश्नाची जात तीच राहिली: जे आपण खातो त्याचा पेशीच्या आत नेमका कशावर परिणाम होतो?

शिवापूरकर आणि पॉयरिए यांनी १९८३ मध्ये मेथिल-उणा आहार एक ते पाच आठवडे घेतलेल्या उंदरांच्या ऊतींत सॅम आणि साह मोजले. यकृतात सॅम घटले होते. भरलेले टेम्पो कमी झाले होते. मग डीएनएकडे जाणाऱ्या मालाचे काय? १९८४ मध्ये विल्सन, शिवापूरकर आणि पॉयरिए यांनी बायोकेमिकल जर्नलमध्ये उत्तर दिले: अशा आहारावरच्या उंदरांच्या यकृतातल्या डीएनएवर मेथिल गट कमी झालेले होते. आहारातली उणीव आणि जनुकद्रव्यावरची खूण यांना जोडणारी ही कडी होती.

सातबाऱ्यावरचा बोजा

इथे थांबून ही खूण म्हणजे काय ते पाहू. डीएनएची चार अक्षरे आपण शिकवतो. त्यांतल्या सायटोसीन या अक्षराला कधीकधी एक मेथिल गट चिकटलेला असतो. १९२५ मध्येच जॉन्सन आणि कॉगहिल यांनी क्षयाच्या जिवाणूत असे सायटोसीन असल्याचे लिहिले होते. १९४८ मध्ये हॉचकिस यांना वासराच्या डीएनएत ते कागदी वर्णलेखनाने दिसले. पण त्याचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येईना. सुमारे पाव शतक ही माहिती अनाथासारखी पडून राहिली.

तिला अर्थ मिळाला तो १९७५ मध्ये. इंग्लंडमध्ये हॉलिडे आणि प्यू यांनी, आणि अमेरिकेत रिग्ज यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. ही खूण जनुक चालू ठेवायचे की बंद, हे ठरवत असावी. आणि पेशीविभाजनात डीएनएची नक्कल होते तेव्हा खुणेचीही नक्कल होत असावी.

आपल्याकडे ही कल्पना समजावण्यासाठी सातबारा उताऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. उताऱ्यावर मालकाचे नाव आहे, गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे. त्यात काहीही बदललेले नाही. पण 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला, की जमीन तीच असूनही व्यवहार अडतो. नवा उतारा काढला तर त्यावरही तो बोजा उतरून येतो. आणि रीतसर आदेश झाला तर बोजा कमीही होतो. जनुकाचा मजकूर म्हणजे मालकाचे नाव. मेथिल गट म्हणजे बोजा. जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावर बोजा चढला, की जनुक शाबूत असूनही गप्प बसते. नक्कल करणाऱ्या विकराला शाईच मिळाली नाही, म्हणजे सॅम अपुरे पडले, तर नव्या उताऱ्यांवर बोजे गळत जातात. १९८४च्या निबंधातल्या उंदरांच्या यकृतात साधारण हेच झाले होते.

याच्या उलट उत्परिवर्तन म्हणजे नावातच खाडाखोड. अफ्लाटॉक्सिन असे करते. १९९१ मध्ये चीनमधल्या किदोंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या यकृताच्या गाठींत पी५३ या जनुकाच्या २४९व्या संकेतात एकच ठरावीक अक्षर बदललेले सापडले. अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या प्रदेशांची ती जणू सही होती. पण निसर्ग आपल्या सोयीचे दोन कप्पे पाळत नाही. २००२ मध्ये तैवानमधल्या रुग्णांच्या गाठी तपासताना झांग, सँटेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की आरएएसएसएफ१ए या जनुकावरचे मेथिलीकरण आणि त्या ऊतीत डीएनएला चिकटलेले अफ्लाटॉक्सिन यांचा संबंध आहे. पेंड आणि मेथिल गट, ज्यांना वेगळे करायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, ते माणसाच्या यकृतात पुन्हा एकत्र सापडले.

दरम्यान आणखी एक कोडे पडले होते. १९८३ मध्ये फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी माणसाच्या गाठींतल्या काही जनुकांवर शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा मेथिल गट कमी असल्याचे दाखवले. मात्र १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उलट निरीक्षणे येऊ लागली. पेशीची वाढ रोखणारी काही जनुके गाठींत मेथिल गटांनी भरून गेलेली, म्हणून बंद, सापडू लागली. १९८९ मध्ये डोळ्याच्या कर्करोगात आरबी, १९९४ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगात व्हीएचएल, १९९५ मध्ये पी१६. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कर्करोगाच्या पेशीत एकूण गावाचे बोजे गळतात, आणि त्याच वेळी नेमक्या पहारेकऱ्यांच्या जमिनीवर बोजे चढतात. असे का, याचे पूर्ण उत्तर आजही सरळ नाही.

लिंबू सरबताची पावडर आणि चाचणी

खूण वाचायची कशी? लिंबाचे सरबत टिकावे म्हणून त्यात मेटाबायसल्फाइट घालतात, ते आपल्या ओळखीचे आहे. त्याचे भावंड असलेल्या बायसल्फाइटने डीएनएवर प्रक्रिया केली तर साधे सायटोसीन बदलून युरॅसिल होते. मेथिल गट असलेले सायटोसीन मात्र जवळजवळ तसेच राहते. म्हणजे न दिसणारी खूण अक्षरांच्या फरकात रूपांतरित होते. १९९२ मध्ये फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी यावरून मेथिल गटांचे अक्षरवार वाचन करण्याची पद्धत दिली. १९९६ मध्ये हर्मन, बेलिन आणि सहकाऱ्यांनी तिला पीसीआरची जोड दिली आणि अत्यल्प डीएनएतूनही खूण पकडता येऊ लागली.

आता रक्त तपासण्याची वाट मोकळी झाली. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींचा डीएनए थोडाथोडा रक्तात येत असतो. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या वाँग, लो आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या कर्करोगाचे २२ रुग्ण तपासले. १६ जणांच्या गाठीत पी१६वर मेथिलीकरण होते आणि त्यांतल्या १३ जणांच्या रक्तातही ते सापडले. सुई यकृतात न घालता गाठीची खूण हाती लागली होती. २००७ मध्ये तैवानमधल्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून झांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही रुग्णांत ही खूण निदानाच्या १ ते ९ वर्षे आधीच रक्तात होती.

मात्र २००८ मध्ये हाँगकाँगच्याच गटाने आरएएसएसएफ१एची मोजणी केली, तेव्हा चित्र गुंतागुंतीचे निघाले. कर्करोगाच्या ९३ टक्के रुग्णांत ही खूण होती. पण कर्करोग नसलेल्या, हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे वाहक असलेल्या ५८ टक्के लोकांतही ती होती. निदानासाठी 'आहे की नाही' एवढे पाहणे त्यामुळे पुरेसे नव्हते. खुणेचे प्रमाण पाहिल्यावर मात्र एक गोष्ट पुढे आली. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या रक्तात ती जास्त होती, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण जास्त होते. भाकिताचा विचार इथे प्रत्यक्षात आला.

भाकीत सिद्ध कसे करायचे

हा भाग थोडा सावकाश समजून घेऊ. याच टप्प्यावर वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि विज्ञान यांच्यात सर्वांत जास्त अंतर पडते.

समजा शंभर रुग्णांचे दोन गट केले, खूण असलेले आणि नसलेले. दर महिन्याला प्रत्येक गटात किती जण हयात आहेत याचा आलेख काढला तर तो उतरत्या जिन्यासारखा दिसतो. अर्धवट पाठपुरावा झालेले रुग्ण हिशोबात कसे घ्यायचे, हे १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर यांनी दाखवून दिले. वरिष्ठ वर्गात चिंचोके वापरून हा जिना सहज करता येतो: वीस चिंचोके मांडा, दर 'महिन्याला' फासा टाकून काही उचला, काहींवर 'पत्ता लागला नाही' अशी खूण करा, आणि उरलेल्यांचे प्रमाण कसे काढायचे यावर मुलांना वाद घालू द्या. हा वादच त्या तासाचे खरे फलित असते.

दोन जिन्यांत फरक दिसला म्हणजे खूण भाकीत करते असे झाले का? नाही. मोठी गाठ रक्तात जास्त डीएनए सोडते. मोठ्या गाठीचा रुग्ण तसाही लवकर दगावण्याची शक्यता असते. मग खूण केवळ गाठीचा आकारच दुसऱ्या भाषेत सांगत असेल, तर तो सोनोग्राफीत आधीच दिसला होता. कोलीनमागे अफ्लाटॉक्सिन लपले होते, तसा खुणेमागे आकार लपलेला असू शकतो. वय वाढते तसे काही जनुकांवर मेथिल गट वाढतात, आणि सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतातही ते वाढलेले असतात. अलाबामाच्या प्रयोगात पेंड आहारातून काढून टाकता आली. माणसांच्या बाबतीत वय किंवा सिऱ्हॉसिस काढून टाकता येत नाही, म्हणून गणिताचा आधार घ्यावा लागतो. १९७२ मध्ये कॉक्स यांनी दिलेल्या पद्धतीने आकार, वय, यकृताची स्थिती सारखी धरून विचारता येते: आता तरी ही खूण काही नवे सांगते का?

या कसोटीवर बरेच निबंध तोकडे पडतात, असे आमचे मत आहे. पन्नास-साठ रुग्ण, अनेक जनुके, प्रत्येक प्रयोगशाळेची 'जास्त' म्हणजे किती याची वेगळी रेषा, आणि दुसऱ्या गावच्या रुग्णांवर पडताळा नाही. वीस जनुके तपासली तर एखादे केवळ योगायोगानेही 'महत्त्वाचे' ठरते. फासा वीस वेळा टाकला की कधीतरी हवा तो आकडा पडतोच.

म्हणून २०१७ मध्ये नेचर मटेरियल्समध्ये आलेल्या चिनी-अमेरिकी गटाच्या कामाकडे लक्ष गेले. त्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या १०९८ रुग्णांचे आणि ८३५ निरोगी लोकांचे रक्त घेतले. निदानासाठी १० आणि भाकितासाठी ८ मेथिल-खुणांचा वेगळा संच निवडला, आणि जे रुग्ण निवडीसाठी वापरले नव्हते त्यांच्यावर तो पडताळला. निदानाच्या आणि भाकिताच्या खुणा वेगळ्या निघाल्या, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. चोर ओळखण्याच्या खुणा आणि तो किती लांब पळेल हे सांगणाऱ्या खुणा सारख्याच असतील, असे मानण्याचे कारण नव्हते. हे रुग्ण मुख्यतः चीनमधले होते, जिथे हिपॅटायटिस बी हे मोठे कारण आहे. आपल्याकडे हिपॅटायटिस बीबरोबर दारू आहे, मधुमेहाबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत आहे, हिपॅटायटिस सी आहे. इथल्या रुग्णांवर पडताळा झाल्याशिवाय तिथली रेषा इथे लावता येणार नाही.

आपल्याकडे या दिशेने काहीच नाही असे नव्हे. परळच्या जुन्या संशोधन संस्थेचा वारसा आता नवी मुंबईत खारघरला चालतो. तिथे संजय गुप्ता यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांच्या यकृतात रसायनाने घडवलेल्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यातला एक प्रकार गाठ घडताना वाढतो, असे त्यांना दिसले. हे मेथिलीकरण नव्हे. पण उताऱ्याचा मजकूर तसाच ठेवून व्यवहार बदलणाऱ्या यंत्रणेचाच हा दुसरा भाग आहे. शिवापूरकरही पुढे अमेरिकेत याच विषयावर राहिले. २०१० मध्ये त्यांनी गॅझ्डर यांच्यासह लिहिलेला आढावा सुई-शस्त्राविना कर्करोग ओळखण्यासाठी मेथिल-खुणा कितपत उपयोगी आहेत, याचाच होता.

एक सावधगिरीची सूचना शिक्षकांसाठी. हा इतिहास ऐकून कोणी विद्यार्थी विचारेल, मग कोलीन आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या खाल्ल्या तर यकृताचा कर्करोग टळेल का? उंदरांचा आहार मुद्दाम अत्यंत उणा केलेला होता, तसा माणसाचा रोजचा आहार नसतो. उंदीर कोलीनच्या उणिवेला फार संवेदनशीलही असतो. आणि जो भुईमूग मुलांना प्रथिने देतो, त्याची बदनामी वर्गात होऊ नये. टाळायचा तो बुरशीचा दाणा आणि ओल्या जागी साठवलेला माल. यकृताच्या कर्करोगाविरुद्ध सर्वांत भक्कम हत्यार आजही हिपॅटायटिस बीची लस हेच आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना ती द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला हा कर्करोग घटला. आपल्या देशात २०११ पासून ती सर्वत्र नेहमीच्या लसीकरणात आहे.

परळहून परतणाऱ्या रुग्णाच्या कागदांत आज काय असते? गाठी किती व केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यकृताच्या कामाची चाइल्ड-प्यू श्रेणी, रुग्ण हिंडता-फिरता आहे की अंथरुणावर, आणि अल्फाफीटोप्रोटीन या प्रथिनाचा आकडा. या प्रथिनाचा यकृताच्या गाठींशी असलेला संबंध १९६३ मध्ये मॉस्कोत अबेलेव यांनी उंदरांत दाखवला, त्याला साठ वर्षे उलटून गेली. बार्सिलोनाच्या गटाने १९९९ मध्ये बांधलेली टप्प्यांची पद्धत याच गोष्टींवर उभी आहे. डॉक्टर घरच्यांना पुढचे सांगतात ते यावरून. मेथिल-खुणेचा रकाना त्या कागदावर अजून छापलेला नाही.